घोडी लंगडते, पण नेमकी कोणत्या पायाने?

वाचकाचे पत्र

माझी नऊ वर्षांची काठियावाडी रक्ताची घोडी माथेरानमध्ये पर्यटकांच्या सवारीसाठी चालते. दिवाळीच्या हंगामापासून ती पुढच्या उजव्या पायाने लंगडते आहे. उजवा पाय टेकला की मान खाली घालते. सूज नाही, जखम नाही. लाल मातीत बरी चालते, ब्लॉकच्या रस्त्यावर आणि उतारावर जास्त लंगडते, मध्येच ठेचकाळते. डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शने दिली. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस आराम पडला, पण कामाला जुंपली की पुन्हा तेच. उजव्या पायाच्या गुडघ्याखालच्या नळीचा एक्स-रे काढला, त्यात काहीच निघाले नाही. नालबंद म्हणतो की खांदा उतरला आहे, म्हणून खांद्याला तेल चोळतो. एका जाणत्या माणसाने डाग द्यायला सांगितले आहे. तबेल्यात उभी असताना ती कधी एक, कधी दुसरा पाय पुढे काढून ठेवते. मे महिन्याचा हंगाम तोंडावर आला आहे. कारण सापडतच नसेल, तर पुढच्या यात्रेत सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊन विकावी का?

— एक अश्वपालक, माथेरान

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: उजवा पाय टेकला की घोडी मान खाली घालते. हे निरीक्षण बरोबर असेल, तर दुखणारा पाय बहुधा उजवा नाही. घोडा दुलकीत असताना दुखऱ्या पुढच्या पायावर भार पडायची वेळ आली की तो डोके आणि मान वर उचलतो, कारण तेवढ्यानेही त्या पायावरचा भार क्षणभर हलका होतो. आणि चांगला पाय जमिनीला लागला की मान पुन्हा खाली सोडतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र खाली जाणारी मानच भरते आणि तिच्यासोबत जो पाय टेकला तोच दुखरा, असा समज होतो. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की घोडा लंगडत असल्याची तक्रार आली, की मालकाने सांगितलेला पाय आधी बाजूला ठेवून स्वतः पाहावे, असेच पशुवैद्यकाला शिकवलेले असते. तबेल्यात उभ्या घोड्याचा दाखवलेला पाय तपासून, दाखवलेल्या पायाचाच एक्स-रे काढला गेला असेल, तर तो निर्दोष निघाला यात नवल नाही.

म्हणून खांदा, नळी, नाल या सगळ्यांचा विचार थोडा थांबवून आधी पाय निश्चित करा. त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. सपाट, कठीण आणि न घसरणारा पंचवीस-तीस मीटरचा पट्टा निवडा. पाठीवर खोगीर नको आणि स्वारही नको. मोतद्दाराने दोर सैल धरून घोडीला दुलकीत न्यावे व आणावे. दोर आखूड धरला तर मानेची हालचालच दडपली जाते आणि पाहण्यासारखे काही उरत नाही. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी चित्रण करा आणि नंतर ते मंद गतीने पाहा. काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांच्या बाबतीत येथे एक अडचण येते. पुष्कळ घोड्यांना रेवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी चाल उपजत असते किंवा शिकवलेली असते आणि त्या चालीत सवारी जितकी सुखाची, तितकेच लंगडणे ओळखणे कठीण. दुलकीत समोरासमोरच्या कोनातील दोन पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, एकाच वेळी टेकतात, चाल दोन ठेक्यांची असते आणि दोन्ही बाजूंतील फरक लगेच उघडा पडतो. रेवाल चालीत तो लपतो. घोडी रेवाल धरू लागली, तर तिला थांबवून पुन्हा खऱ्या दुलकीवर आणा, मग त्यासाठी चार फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील.

चित्रण पाहताना मागचे पायही सोडू नका. मागचा डावा पाय दुखत असेल, तर तो टेकण्याच्या क्षणी घोडी भार पुढे ढकलते व मान खाली घालते. आणि नेमक्या त्याच क्षणी पुढचा उजवाही टेकत असतो. परिणामी पाहणाऱ्याला पुढचा डावा पाय लंगडा वाटतो आणि दुखणे असते त्याच बाजूच्या मागच्या पायात. हे ओळखण्यासाठी मागे उभे राहून पुठ्ठ्याच्या दोन्ही हाडांकडे पाहावे. पाठीच्या शेवटी दोन्ही बाजूंना पांढरी चिकटपट्टी लावली, तर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वर-खाली होते का, हे चित्रणात स्पष्ट दिसते.

यानंतर घोडीला गोलात फिरवा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, आधी कठीण जमिनीवर आणि मग मऊ मातीवर. ऑलिंपियाच्या मैदानासारखी जागा तुमच्या गावातच आहे, तेव्हा मऊ जमिनीचा प्रश्न नाही. कठीण जमिनीवर लहान गोलात आतल्या बाजूच्या खुरावर ताण वाढतो, म्हणून खुरातले दुखणे तेथे ठळक होते. स्नायुबंधांची दुखणी पुष्कळदा मऊ जमिनीवर जास्त जाणवतात. डावीकडे फिरवताना डावा पाय आणि उजवीकडे फिरवताना उजवा पाय लंगडला, तर दुखणे दोन्ही पायांत आहे आणि सरळ चालीत फक्त जास्त दुखणाऱ्या पायाचेच लंगडणे डोळ्यांना दिसते आहे, असे समजावे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. तरीही तुम्ही दिलेल्या खुणा एकत्र ठेवल्या, तर त्यांचा रोख एकाच दिशेला जातो. उतारावर त्रास वाढतो, ब्लॉकच्या कठीण रस्त्यावर वाढतो, मातीत कमी होतो, घोडी ठेचकाळते, विश्रांतीने बरे वाटते, कामाने पुन्हा उलटते, वर कोठेही सूज नाही आणि उभी असताना ती आळीपाळीने दोन्ही पाय पुढे काढते. घोड्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि उतारावर तो आणखी वाढतो. पुढच्या पायाचे लंगडणे बहुतांश वेळा खुरातूनच उगम पावते. दोन्ही पुढच्या खुरांच्या टाचेकडील भागात, म्हणजे खुराच्या आत मागच्या बाजूस असलेले नेव्हिक्युलर नावाचे लहान हाड आणि त्यावरून जाणारा स्नायुरज्जू यांच्या परिसरात वेदना असेल, तर घोडा टाच टेकवण्याऐवजी खुराचे टोक आधी टेकवतो, पावले आखूड टाकतो आणि त्यामुळे अडखळतो. चित्रण बाजूने पाहताना खूर जमिनीला लागण्याचा तो एकच क्षण थांबवून पाहा: आधी टाच टेकते, पूर्ण तळ टेकतो, की टोक? बाकी सगळे चित्रण बिघडले तरी हा क्षण मात्र नीट मिळवा.

खांदा उतरल्याचा समजही येथूनच निघतो. खूर दुखत असला की घोडा पाय पुढे लांबवर टाकत नाही आणि पाय लांबवर पडला नाही की खांदा हलत नाही असे दिसते. खांद्याची खरी दुखणी घोड्यांत असतात, पण ती विरळ. तेल चोळल्याने नुकसान नाही, घोडीला कदाचित सुखावतही असेल, मात्र त्याला उपचार समजून महिने घालवू नका. डागाच्या बाबतीत मी इतका मवाळ राहणार नाही. तापलेल्या लोखंडाने दिलेल्या डागामुळे जुनी वेदना जात नाही. भाजल्याची नवी वेदना तिच्यावर चढते आणि पुढे तपासणाऱ्याला कोणती वेदना कोठली, हे कळेनासे होते. तो मुळीच देऊ देऊ नका.

आता हाताने करण्याची तपासणी. घोडी सकाळी कामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा चारही खुरांच्या भिंतींवर तळहात ठेवून उष्णता पाहा. एक खूर इतरांपेक्षा गरम आहे का, एवढेच पाहायचे आहे. उन्हात उभ्या असलेल्या घोडीचे चारही खूर गरम लागतात आणि त्याला अर्थ नाही. मग खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही कडांना बोटे हलकेच ठेवून नाडी शोधा. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते, किंबहुना शोधावी लागते. बोटाला ठोके स्पष्ट जाणवू लागले, तर खुरात दाह आहे. खुराचा तळ स्वच्छ करून मधल्या त्रिकोणी, रबरासारख्या भागाच्या खाचांत दुर्गंधी किंवा काळा चिकट स्राव आहे का, पाहा. चिमट्यासारख्या साधनाने खुराचा एकेक भाग दाबून वेदनेची जागा शोधण्याची तपासणी डॉक्टरांकडून, शक्यतो नाल काढून करून घ्या आणि नाल काढताना प्रत्येक खिळा वेगळा ओढून पाहायला सांगा. एखादा खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेलेला असेल, तर तो ओढताना घोडी पाय झटकते, आणि ओला किंवा काळपट खिळा निघाला तर तोच पुरावा.

तरीही जागा सापडली नाही, तर कोडे सोडवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पायाचा एकेक भाग बधिर करत जाणे. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही; म्हणजे ही तपासणी झालेली नाही असे धरतो. यात खुराच्या वर, मागच्या बाजूने जाणाऱ्या दोन्ही मज्जातंतूंजवळ भूल देणाऱ्या औषधाचे थोडेसे इंजेक्शन देतात. पाच-दहा मिनिटे थांबतात, टाचेच्या फुगीर भागावर बोथट टोकाने दाबून संवेदना गेली आहे याची खात्री करतात आणि घोडीला पुन्हा त्याच पट्ट्यावर दुलकीत पळवतात. लंगडणे गेले, तर वेदना टाचेच्या त्या भागात होती. गेले नाही, तर एक पायरी वर चढून पुढचा भाग बधिर करतात. क्रम नेहमी खालून वर असतो, कारण वरचा भाग आधी बधिर केला तर त्याखालचे सगळेच बधिर होते आणि काहीच कळत नाही. तुमच्या घोडीत मला विशेष पाहायचे आहे ते असे: डाव्या पायाची टाच बधिर केल्यावर ती एकदम उजव्या पायाने लंगडू लागली, तर घाबरू नका आणि इंजेक्शन चुकले असेही समजू नका. दोन्ही पाय दुखत होते, त्यांतला जास्त दुखणारा गप्प झाला, म्हणून दुसरा बोलू लागला, इतकाच त्याचा अर्थ. मग उजवाही बधिर करून पाहावा, आणि पावले लांब पडू लागली, तर शोध संपल्यात जमा आहे.

मात्र हाड मोडल्याची किंवा त्याला तडा गेल्याची शंका असेल, तेव्हा पाय बधिर करू नये, कारण वेदना नाहीशी झालेला घोडा त्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि तडा गेलेले हाड पुरते मोडू शकते. तुमच्या घोडीचे लंगडणे सौम्य आणि येणारे-जाणारे असल्यामुळे ही शंका कमी आहे, पण निर्णय प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

एक्स-रे यानंतर काढावा, आधी नव्हे. वेदनेची जागा माहीत नसताना काढलेला एक्स-रे निर्दोष आला, तर त्यातून फक्त तेवढा तुकडा निर्दोष असल्याचे कळते. खुराचा एक्स-रे काढायचा असेल, तर नाल काढून, तळ खरवडून स्वच्छ करून आणि खाचा भरून निरनिराळ्या कोनांतून तो काढावा लागतो. त्यातही मर्यादा आहेतच. केसाएवढी भेग सुरुवातीला दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढल्यावर दिसते. आणि स्नायुरज्जूची इजा एक्स-रेमध्ये दिसतच नाही. नळीच्या मागच्या स्नायुरज्जूंसाठी सोनोग्राफी उपयोगी पडते. खुराच्या आतल्या मऊ भागांसाठी एमआरआय लागतो, आणि तो तुमच्या आवाक्याबाहेरचा असेल तर त्याच्या मागे लागू नका. बधिर करून मिळालेली माहिती उपचार सुरू करण्यासाठी पुष्कळ वेळा पुरते. तुमच्या डॉक्टरांचा रोजचा व्यवहार गाई-म्हशी आणि कुत्र्यांशी असेल, तर घोड्याचा पाय बधिर करण्याची सवय त्यांना नसणे स्वाभाविक आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही. तसेच मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरील घोडे पाहणाऱ्या पशुवैद्यकांचे अर्धे आयुष्य याच कामात जाते. आधी दूरध्वनीवर बोलून, चित्रण पाठवून, गरज असेल तरच घोडी खाली न्या. गाड्या जेथपर्यंत येतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत ती चालत जाणार आणि पुढे ट्रकमध्ये तोल सांभाळत उभी राहणार, हा दुखऱ्या खुरांना लहान त्रास नव्हे.

तपासणीच्या आधी काही दिवस वेदनाशामक देऊ नका; किती दिवस, ते कोणते औषध दिले होते त्यावर ठरते आणि डॉक्टर सांगतील. वेदना दबलेली असताना तपासणारा काय शोधणार? प्रत्येक वेळी इंजेक्शन देऊन कामाला लावल्याने झाले ते एवढेच की घोडीला स्वतःचा पाय जपण्याची जी सूचना मिळत होती, ती बंद झाली आणि ती दुखऱ्या खुरावर माणसे वाहत राहिली. ही औषधे वारंवार दिल्यास पोटात व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोकाही असतो. शिवाय मेडिकलच्या दुकानातून माणसांचे डायक्लोफिनॅक आणून टोचण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे, म्हणून सांगतो: जनावरांसाठी त्याचा वापर भारतात २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मृत शरीर खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक यांच्यावरही २०२३ मध्ये बंदी आली. वेदनाशामक लागलेच, तर मेलॉक्सिकॅमसारखे औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्यावे.

नालबंद किती दिवसांनी येतो, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला ते हवे होते. घोड्याचा खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासणे आवश्यक असते. नाल झिजली नाही म्हणून दोन-अडीच महिने तशीच ठेवली, तर खुराचे टोक पुढे लांबते, टाच आत दबते, आणि पाय उचलताना टोकावरून पाय उलटायला जास्त जोर लागून त्याचा ताण थेट त्या मागच्या लहान हाडावर व स्नायुरज्जूवर येतो. बाजूने उभे राहून पाहा: खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार आणि त्यावरच्या हाडाचा उतार एका रेषेत आहेत, की खुरापाशी रेषा मागे मोडते आहे? मोडत असेल, तर टोक मागे तासणे आणि टाचेमागे थोडी जास्त लांब जाणारी, तिला आधार देणारी नाल बसवणे, हाच उपचाराचा मोठा भाग असू शकतो. पण टाच उचलण्यासाठी पाचर किंवा मागून बंद असलेल्या नाला वगैरे प्रकार निदानापूर्वी करून पाहू नका, आणि डॉक्टर व नालबंद या दोघांना एकाच वेळी घोडीजवळ उभे करा. दोघे वेगवेगळ्या दिवशी येऊन एकमेकांविषयी तुमच्याकडे तक्रार करतात, तेव्हा नुकसान घोडीचे होते.

तोवर तिला काम नको. हंगामात एक घोडी उभी राहणे म्हणजे काय, हे मला समजते. तरीही लंगडणाऱ्या घोडीवरून पर्यटक नेला आणि उतारावर ती ठेचकाळून पडली, तर प्रश्न एका हंगामापुरता राहणार नाही. तबेला स्वच्छ आणि कोरडा ठेवा, जमिनीवर भुसा किंवा मऊ माती पसरा, आणि काम बंद असताना चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, निम्म्याहून कमी करून वैरणीवर भर द्या. उभ्या घोडीला कामाच्या दिवसांइतके धान्य घालणे हे खुरांच्या आतल्या थराला सूज आणणाऱ्या लॅमिनायटिसला आमंत्रण आहे. घोडी पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभी राहू लागली आणि हलेनाशी झाली, तर ती लॅमिनायटिसची खूण समजून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. तसेच एका सकाळी ती पाय अजिबात टेकवत नसेल, एकच खूर गरम असेल आणि नाडी उडत असेल, तर खुरात पू झाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. डॉक्टरांनी तळ उघडून पू काढला की बहुधा एक-दोन दिवसांत फरक पडतो. खुराला छिद्र पडण्याच्या प्रत्येक प्रसंगी धनुर्वाताची लस आधी झाली आहे का, हे पाहिलेच पाहिजे. घोडा या रोगाला फार हळवा आहे.

राहिला विक्रीचा प्रश्न. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत देशभरातून घोडे येतात आणि तेथे तुमची घोडी मऊ वाळूत, रेवाल चालीत, सकाळी एक इंजेक्शन टोचून दाखवली, तर ती कदाचित विकलीही जाईल. घेणारा बहुधा तुमच्यासारखाच कोणी पोटासाठी घोडा ठेवणारा असेल. लंगडेपणा सांगून विकली तर किंमत येणार नाही आणि न सांगता विकली तर ती फसवणूक होईल. त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की तुम्ही तिच्या जागी जी घ्याल, तीही त्याच बाजारातून, त्याच रीतीने दाखवलेली असेल. म्हणून घोडा घ्यायला कधीही गेलात, तर खोगीर उतरवून, सैल दोराने, कठीण रस्त्यावर, खऱ्या दुलकीत पळवून दाखवा असे सांगा, आणि विकणारा टाळू लागला तर पुढच्या घोड्याकडे वळा.

या घोडीचा निर्णय मात्र तपासणी होईपर्यंत लांबणीवर टाका. टाचेतले दुखणे निघाले आणि ते फार जुने नसेल, तर नीट नालबंदी, काही महिन्यांची विश्रांती आणि नंतर सपाट वाटेवरचे हलके काम, एवढ्यावर अनेक घोडे वर्षानुवर्षे चालतात. उताराची आणि ब्लॉकच्या रस्त्याची वाट तिला कायमची बंद करावी लागेल, असे मला आताच वाटते. चित्रण करून पाठवा. त्यात मान कोणत्या पायावर वर जाते आणि जमिनीला आधी टाच लागते की टोक, हे नीट दिसले पाहिजे.

आपला,
पशुवैद्यक सल्लागार